विचारणारी चौकट

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आमच्या कामाचं नाही. विषय आहे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचा. पण जरा थांबा. गटाच्या कर्जावरचं व्याज आणि आपल्या खात्यातले पैसे, या दोन्हींशी याचा संबंध आहे. तो कसा, ते आमच्या गटात घडलं त्यावरूनच सांगतो.

आधी पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. डबा घेऊन गेलं की गिरणीवाला विचारतो, ज्वारी का गहू? बारीक का जाडसर? आपण सांगतो, तो तसं दळून देतो. आता समजा एखादा गिरणीवाला काही विचारतच नाही. त्याच्या गिरणीत सकाळी कुणीतरी गहू ओतून ठेवलेत, आणि जी येईल तिला तो गव्हाचं पीठ देतो. ज्वारी पाहिजे असेल तर गिरणी उघडा, आतले दगड बाजूला करा आणि स्वतः बदला. चालेल का अशी गिरणी? आमचा पहिला प्रोग्रॅम बरोबर तसा होता.

झालं असं. आमच्या गटातल्या एका काकूंची नात अंबाजोगाईला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. सुट्टीत गावी आली तेव्हा बैठकीत आमचं व्याजाचं गणित चाललं होतं. एक जण आकडे सांगतेय, दुसरी मोबाइलवर गुणाकार करतेय, तिसरी वहीत लिहितेय, आणि तिघींचं उत्तर वेगळं. पोरगी हसली आणि म्हणाली, मी तुम्हाला प्रोग्रॅम लिहून देते. गटानं तेव्हा नुकताच एक जुना लॅपटॉप घेतला होता. त्यावर तिनं पायथॉन टाकलं.

पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. गीडो फान रॉसम नावाच्या नेदरलँडच्या माणसानं ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. ती फुकट आहे, आणि एकदा लॅपटॉपवर घेतली की पुढं इंटरनेट लागत नाही, हे आमच्या गावाच्या रेंजला फार सोयीचं. आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आज्ञा इंग्रजीत असल्या तरी आपल्या आकड्यांना ठेवायची नावं मराठीत चालतात. तिनं लिहिलेली मुख्य ओळ अशी होती : व्याज बरोबर मुद्दल गुणिले दर गुणिले महिने भागिले शंभर. गुणिलेच्या जागी तारा, भागिलेच्या जागी तिरकी रेघ, आणि मुद्दल, दर, महिने हे शब्द चक्क देवनागरीत. शाळेतलंच सूत्र. ते पडद्यावर वाचून आमच्यातल्या चौथी शिकलेल्या काकूसुद्धा म्हणाल्या, हे तर मला कळतंय.

पण त्या ओळीच्या वर तिनं आकडे लिहून ठेवले होते. मुद्दल सहा हजार, दर दोन, महिने सहा. प्रोग्रॅम चालवला की व्याज सातशे वीस. बरोबर. पुन्हा चालवला, पुन्हा सातशे वीस. दुसरीचं कर्ज साडेचार हजार असेल तर प्रोग्रॅम उघडायचा, सहा हजार खोडायचे, साडेचार हजार लिहायचे, मग चालवायचं. पोरगी होती तोवर ती करत होती. सुट्टी संपली, ती गेली. पुढच्या बैठकीत आमच्या सचिवताईंनी आकडा बदलताना शेजारचं एक चिन्ह पुसलं आणि प्रोग्रॅम बंद पडला. लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी आलं. त्या दिवशी पुन्हा वही, पुन्हा मोबाइल, पुन्हा तीन उत्तरं.

दिवाळीला ती आली तेव्हा आम्ही तिला एकच मागणं केलं. आम्हाला तुझ्या प्रोग्रॅमच्या आत जायला लावू नको. त्यालाच बाहेर येऊन विचारायला सांग.

यालाच डायलॉग बॉक्स म्हणतात, मराठीत संवाद चौकट. आम्ही विचारणारी चौकट म्हणतो. पडद्यावर एक लहान खिडकी उघडते, तिच्यात एक प्रश्न असतो, प्रश्नाखाली रिकामी जागा असते, आणि त्याखाली दोन बटणं. डावीकडचं ओके, उजवीकडचं कॅन्सल, म्हणजे रद्द. आपण जागेत उत्तर भरायचं आणि ओके दाबायचं. ते उत्तर प्रोग्रॅमच्या आत जातं आणि हिशोबाला लागतं. एटीएम विचारतं, रक्कम टाका, ती अशीच चौकट. मोबाइलवर पैसे पाठवताना येते तीही चौकटच.

अशी चौकट प्रोग्रॅममध्ये घालणं किती अवघड असेल, असं आम्हाला वाटलं होतं. ते तीन-चार ओळींचं काम निघालं. ओळी रेडिओवर वाचून समजत नाहीत, म्हणून आज्ञांची नावं जशी उच्चारतात तशी सांगतो. तुमच्या घरात कॉम्प्युटर शिकणारी लेक, सून, भाची असेल तर तिला सांगा, ती ओळखेल. विंडोजच्या लॅपटॉपवर पायथॉन घेतलं की त्याबरोबर टीके-इंटर नावाची एक पेटी येते. खिडक्या आणि चौकटी बनवायचं सामान तिच्यात असतं. त्या पेटीत सिंपल-डायलॉग नावाचा कप्पा आहे. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत सांगायचं, हा कप्पा आण. मग त्यातल्या तीन आज्ञा आपल्या हाती येतात. आस्क-स्ट्रिंग म्हणजे अक्षरं विचार, सभासदाचं नाव वगैरे. आस्क-इंटिजर म्हणजे पूर्ण आकडा विचार, जसे रुपये, महिने. आस्क-फ्लोट म्हणजे पॉइंटातला आकडा विचार, जसा दीड टक्के. प्रत्येक आज्ञेपुढच्या कंसात दोन गोष्टी द्यायच्या, दोन्ही अवतरणचिन्हात, मध्ये स्वल्पविराम. पहिली म्हणजे चौकटीच्या डोक्यावरचं नाव, दुसरी म्हणजे प्रश्न. दोन्ही मराठीत लिहिता येतात.

म्हणजे जिथं आधी मुद्दल बरोबर सहा हजार असं होतं, तिथं आता मुद्दल बरोबर आस्क-इंटिजर, कंसात गटाचं नाव आणि प्रश्न. दर आणि महिने यांचंही तसंच. खालची व्याजाची ओळ होती तशीच राहिली, तिला हातही लावला नाही. उत्तर दाखवायला मेसेज-बॉक्स नावाचा आणखी एक कप्पा आहे. त्यातली शो-इन्फो आज्ञा व्याज किती आलं ते चौकटीत दाखवते. एवढंच. कधी कधी चौकटीच्या मागं एक रिकामी खिडकी उगीच उघडी दिसते. ती लपवायची आज्ञा विथड्रॉ. ज्यांच्याकडं पायथॉन नाही, पण एक्सेल आहे, त्यांच्यासाठी सांगतो की एक्सेलच्या मॅक्रोमध्येही इनपुट-बॉक्स नावाची अशीच चौकट मिळते. एमएस-सीआयटी केलेल्या मुलींनी बघायला हरकत नाही.

आता खरी गंमत. चौकटी तर आल्या, पण पहिल्याच दिवशी एकीनं मुद्दल भरलं चार हजार, दर दोन, आणि व्याज यायच्या ऐवजी पुन्हा लाल अक्षरं आली. झालं काय होतं? घाईत पोरीनं तिन्हीकडं आस्क-इंटिजर लिहायच्या ऐवजी मुद्दलाला आस्क-स्ट्रिंग लिहिलं होतं. म्हणजे प्रोग्रॅमनं ते चार हजार रुपये म्हणून घेतलेच नाहीत. त्यानं ती नुसती अक्षरं म्हणून घेतली, जशी कुणाच्या नावातली असतात. अक्षरांना दोननं गुण म्हटलं की पायथॉन ती दोनदा लिहून काढतं. ४००० चे होतात ४०००४०००, आणि पुढं अक्षरांना शंभरनं भागता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम अडला. बेरीज करायला सांगितली असती तरी तेच. सहा हजार अधिक पाचशे म्हटलं असतं तर ६०००५०० झाले असते, एकाला एक चिकटून. नवीन शिकणाऱ्या सगळ्यांची ही चूक होते म्हणे. लक्षात ठेवायचं ते इतकंच की आकडा दिसतो म्हणून तो प्रोग्रॅमला आकडा वाटत नाही. त्याला सांगावं लागतं.

दुसरी अडचण आमच्या मराठीची. आमच्या सचिवताई मराठी कीबोर्ड लावून बसतात आणि आकडे देवनागरी टाकतात. आस्क-इंटिजरच्या चौकटीनं ते नाकारले. इंग्रजीत सांगितलं, हा पूर्ण आकडा नाही, पुन्हा भरा. ताई म्हणाल्या, सहा हजार हा आकडा नाही तर काय आहे? पोरीनं मग वाट काढली. चौकट आस्क-स्ट्रिंगची ठेवायची, आणि आलेलं उत्तर इंट नावाच्या आज्ञेतून काढायचं. ती आज्ञा अक्षरांचा आकडा करते, आणि देवनागरी सहा असो का इंग्रजी सहा, दोन्ही सारखेच धरते. फक्त प्रोग्रॅमच्या ओळीत जे आकडे आपण स्वतः लिहितो, जसे ते भागिले शंभर, ते इंग्रजीच लागतात. आणि चौकटीत रक्कम भरताना हजाराचा स्वल्पविराम द्यायचा नाही. सहा स्वल्पविराम तीन शून्य असं लिहिलं की इंट अडते.

तिसरी गोष्ट कॅन्सलची. चुकून ते बटण दाबलं, किंवा कीबोर्डवरचं कोपऱ्यातलं एस्केप दाबलं, की चौकट निघून जाते आणि प्रोग्रॅमच्या हाती येतं नन. नन म्हणजे शून्य नाही, आणि रिकामी जागासुद्धा नाही. ते म्हणजे, उत्तर दिलंच नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. एखाद्या सभासदाकडं शून्य रुपये बाकी असणं वेगळं, आणि तिला कुणी विचारलंच नाही हे वेगळं. नन आलं की गुणाकार होत नाही आणि पुन्हा लाल अक्षरं येतात. म्हणून प्रत्येक चौकटीनंतर एक ओळ घालायची की उत्तर नन असेल तर थांब आणि मराठीत सांग, हिशोब रद्द केला. रिकामी जागा ठेवून ओके दाबलं तर काय करायचं, तेही असंच लिहून ठेवायचं. आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारायला लावलाय.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं नाही.

आमच्या गटात तीन-चार जणी ऊसतोडीला जाणाऱ्या आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोचा कोयता टोळीबरोबर निघतो, तो पाडव्याच्या आगेमागे परत येतो. सहा महिने त्या बैठकीला नसतात. म्हणून त्यांच्यासाठी ठराव केलाय की त्यांनी व्याज परत आल्यावर एकदम भरायचं. अशाच एका मावशींनी गटाकडून सहा हजार घेतले होते. जाण्याआधी त्यांनी त्यातले दोन हजार फेडले. म्हणजे बाकी राहिले चार हजार. महिना दोन टक्क्यांनी सहा महिन्यांचे होतात चारशे ऐंशी.

मावशी परत आल्या. बैठकीत लॅपटॉप उघडला. आमच्यातल्या एकीनं कर्जाच्या वहीचं पान काढलं. चौकट आली, तिच्यात प्रश्न होता : रक्कम किती? पानाच्या वरच्या ओळीत सहा हजार लिहिलेले. तिनं सहा हजार भरले. दर दोन, महिने सहा. व्याज आलं सातशे वीस.

मावशी म्हणाल्या, एवढं कसं? म्या दसऱ्याच्या आदी दोन हजार दिलेत की.

आणि मैत्रिणींनो, हे सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही चार शिकलेल्या बायका एका सुरात म्हणालो, मावशी, कॉम्प्युटरनं काढलंय, तो चुकत नाही. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मुकादम बी असंच म्हनतो, चोपडीत लिवलंय. तुमच्या मशीनला इचारलंय का कुनी, कंच्या पैशावर याज लावलंय?

कुणीच विचारलं नव्हतं. वहीचं पान पूर्ण वाचलं तेव्हा खाली दोन हजारांची नोंद होती, त्यांच्या अंगठ्यासकट. दोनशे चाळीस रुपये जास्त निघत होते. ज्या बाईनं वाढ्याचे भारे वाहून आणि कोयता चालवून सहा महिने काढले, तिच्याकडून आम्ही दोनशे चाळीस रुपये जास्त घेतले असते, तेही ज्या गटात ती सावकाराला कंटाळून आली त्या गटानं. आम्ही मावशींची माफी मागितली आणि ते इतिवृत्तात लिहिलं.

घरी गेल्यावर आमच्यात वाद झाला. काही जणी म्हणाल्या, चूक भरणारीची आहे, तिनं पान नीट वाचलं नाही. काही म्हणाल्या, लॅपटॉपच नको. आम्हाला मात्र वाटलं की चूक चौकटीतल्या प्रश्नाची आहे. रक्कम किती, हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणती रक्कम? घेतलेली, फेडलेली, का उरलेली? घरी कुणी येऊन विचारलं, किती? तर आपण आधी विचारतो ना, कशाचे किती? प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरीला माहीत होतं तिला काय म्हणायचंय. पण ती तिकडं अंबाजोगाईला, आणि चौकट इकडं.

मग आम्ही सगळ्या चौकटींचे प्रश्न बैठकीत बसून नव्यानं लिहिले. हे काम कॉम्प्युटर येणाऱ्या पोरीचं नाही, हिशोब कळणाऱ्या बायकांचं आहे, हे तेव्हा लक्षात आलं. रक्कम किती, याचं झालं : फेडलेले पैसे वजा करून आज शिल्लक मुद्दल किती रुपये? दर किती, याचं झालं : दर महिन्याला शेकडा किती व्याज? कारण बँकेचा कागद वर्षाचा दर सांगतो, आपला ठराव महिन्याचा. उद्या कुणी दोनच्या जागी चोवीस भरले तर बारापट व्याज निघेल. महिने किती, याचं झालं : शेवटचं व्याज भरल्यापासून किती महिने झाले? प्रश्न लांब झाले. पोरगी म्हणाली, चौकट मोठी दिसतेय, छान दिसत नाही. नसू दे.

आस्क-इंटिजरला आणखी दोन गोष्टी सांगता येतात, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. त्यांना मिन-व्हॅल्यू आणि मॅक्स-व्हॅल्यू म्हणतात. आमच्या गटात वीस हजारांच्या वर अंतर्गत कर्ज देत नाहीत. मग मुद्दलाच्या चौकटीला वीस हजारांची वेस घातली. कुणी एक शून्य जास्त टाकलं की चौकट तिथंच अडवते. तयार इशारा मात्र इंग्रजीत येतो. आम्ही देवनागरी आकड्यांसाठी आस्क-स्ट्रिंग वापरतो, म्हणून ही तपासणी पोरीनं वेगळ्या ओळीत लिहिली आणि इशारा मराठीत दिला. चौकटीत आधीच एखादा आकडा भरून ठेवायचीही सोय असते. पहिल्यांदा आम्ही महिन्यांच्या जागी सहा भरून ठेवले होते, वेळ वाचावा म्हणून. ते काढून टाकलं. भरलेलं दिसलं की माणूस न वाचता ओके दाबतं.

वेस घातली तरी मावशींची चूक तिनं पकडली नसती, हेही ध्यानात घ्या. सहा हजार वीस हजारांच्या आतच आहेत. म्हणून शेवटी आम्ही एक चौकट वाढवली, जी प्रश्न विचारण्याआधीचं सगळं परत सांगते. मेसेज-बॉक्समध्ये आस्क-येस-नो नावाची आज्ञा आहे. तिनं हो आणि नाही अशी दोन बटणं येतात. आमची चौकट म्हणते, शिल्लक मुद्दल इतके, दर महिना शेकडा इतके, महिने इतके, हे सभासदाला वाचून दाखवलं का? हो दाबलं तरच व्याज निघतं. नाही दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि नियम केलाय की हो कुणी दाबायचं? भरणारीनं नाही. जिचं कर्ज आहे तिनं. अक्षर येत नसलं तरी कान आहेत, आणि आपण किती घेतले, किती फेडले, ते बाईच्या डोक्यात पक्कं असतं.

आता दुसरी गोष्ट, जी या सगळ्यातून आम्हाला सुचली. एक दिवस पोरीनं बैठकीत एक चौकट दाखवली. डोक्यावर बँकेसारखं नाव, खाली मजकूर : तुमच्या खात्यात पाच हजार रुपये जमा होत आहेत, मिळवण्यासाठी आपला पिन भरा. एकीनं लगेच बोट पुढं केलं. पोरगी म्हणाली, काकू, थांबा, ही मीच आत्ता लिहिलीय, तुमच्यासमोर, दोन मिनिटांत. चौकटीत भरलेली अक्षरं तारे होऊन दिसावीत म्हणून शो नावाची सूचना असते, तीही तिनं घातली होती. तारे दिसले की आपल्याला वाटतं सगळं सुरक्षित आहे. पण तारे फक्त पडद्यावर असतात. चौकट लिहिणाऱ्याला आतून सगळं दिसतं. तिनं लगेच पुढच्या चौकटीत आम्हाला आमचाच खोटा पिन वाचून दाखवला. खोलीत एकदम शांतता झाली.

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मोबाइलवर असा निरोप येतो. योजनेचे पैसे आलेत, पिन टाका. मोबाइलवरून पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो फक्त पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे मिळतील म्हणून जी चौकट पिन मागते, ती तुमचे पैसे काढायला बसलेली आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी आहे. हे पोस्टरवर आम्ही आधीही वाचलं होतं. पण स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या गटातल्या पोरीनं लिहिलेली खोटी चौकट बघितली तेव्हा ते डोक्यात शिरलं.

कुणी विचारेल, सरकारी ॲप असताना हा खटाटोप कशाला? बरोबर आहे. गटांचे हिशोब कॉम्प्युटरवर आणायचं काम मोठ्या पातळीवर चालू आहेच. नाबार्डनं २०१५ मध्ये ई-शक्ती प्रकल्प सुरू केला तो झारखंडच्या रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातल्या धुळे जिल्ह्यापासून. उमेदच्या गटांची माहिती आता लोकॉस ॲपवर भरली जाते. आमची सीआरपी ताई ती भरते, आणि अधिकृत नोंद तीच. आमचा छोटा प्रोग्रॅम तिची जागा घेत नाही, आणि पंचसूत्रीतली वही तर कुणीच सोडायची नाही. पण स्वतः चौकटी लिहिल्यावर आम्ही ताईजवळ बसून तिच्या मोबाइलवरच्या चौकटीही वाचायला लागलो. इथं शिल्लक म्हणजे कोणती शिल्लक, ताई? हा महिना धरून का सोडून? आधी ताईला राग यायचा. आता ती भरायच्या आधी मोठ्यानं वाचते.

तुमच्या गटात करून बघायचं असेल तर लॅपटॉप लगेच लागत नाही. आम्ही पुढच्या प्रोग्रॅमसाठी, म्हणजे शेवया आणि पापडाच्या विक्रीच्या हिशोबासाठी, कागदावर सुरुवात केली. एक बाई कॉम्प्युटर होते आणि सतरंजीच्या एका टोकाला बसते. तिच्या हातात कागदाच्या चौकटी, प्रत्येकीवर एक प्रश्न. तिनं फक्त कागदावरचं वाचायचं, स्वतःच्या मनाचं काही बोलायचं नाही. समोरची बाई उत्तर देते. भाव किती? समोरची म्हणाली, साठ. आता कॉम्प्युटर झालेल्या बाईला विचारता येत नाही की साठ किलोचे का पाकिटाचे, कारण कागदावर ते नाही. सगळ्या हसतात, आणि कागद बदलतो. संध्याकाळभरात आमचे सात प्रश्न बदलले. खाडाखोडीचे ते कागद पोरीला फोटो काढून पाठवले. तिनं ते तसेच चौकटीत टाकले. तिलाही सोपं झालं, कारण काय विचारायचं ते तिला ठरवावं लागलं नाही.

ओळी लिहिणारी कुणीतरी लागतेच. गावातली बारावीची, कॉलेजची मुलगी शोधा. मुलगा असला तरी चालेल, पण मुलगी असली तर गटात बसेल, रोजच्या बोलण्यातले शब्द उचलेल. तिला एक अट घाला की आकडा प्रोग्रॅमच्या आत कुठं लपवून ठेवायचा नाही, दरसुद्धा नाही. गटानं ठराव करून दर बदलला तर पोरीची वाट बघत बसायला नको. आणि तिनं लिहिलेल्या ओळींची एक प्रत पेनड्राइव्हवर कपाटात ठेवा. आमचा लॅपटॉप एकदा बंद पडला तेव्हा ती उपयोगी आली.

त्या मावशींचं सांगायचं राहिलं. या वर्षी टोळी निघायच्या आधी त्या बैठकीला आल्या, हिशोब करायला. सचिवताईंनी चौकटी भरल्या, शेवटची चौकट मोठ्यानं वाचली. शिल्लक मुद्दल पंधराशे, दर महिना शेकडा दोन, महिने दोन. मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं, पदर सावरला, आणि म्हणाल्या, मागच्या बैठकीला पाचशे दिलेत, ते धरले का? वही बघितली. पानावर होते, बेरजेत नव्हते. ताईंनी नाही दाबलं आणि पहिल्या चौकटीपासून पुन्हा भरायला घेतलं. या वेळी व्याज निघालं चाळीस रुपये. मावशींनी कनवटीची पुडी सोडली आणि चाळीस रुपये सतरंजीवर ठेवले.